मधली सोळा पानं

पुस्तकांच्या प्रदर्शनात मी सहसा पाय ठेवत नाही. राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि प्रदर्शन भरतं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कार्यालयात. म्हणजे पुस्तकं लोकांना आणि त्यांच्या गाड्या माझ्या दारात. पण त्या दिवशी बायकोनं लोणच्यांचं एक पुस्तक आणायला पिटाळलं, आणि ते शोधता शोधता मुलांच्या टेबलावर मला तो दिसला. अंगावर हिरवा झगा, डोळ्यांवर काळी पट्टी, एक पाय पुलाच्या कठड्यावर. आमचा चित्रकथेचा अंक.

जुन्या गाजलेल्या अंकांचं कुणीतरी पुनर्मुद्रण केलं होतं. आमच्या लहानपणी तो रद्दीच्या वरच्या आणि वहीच्या खालच्या दर्जाच्या कागदावर यायचा आणि दोन महिन्यांत पिवळा पडायचा. आता कागद गुळगुळीत, रंग भडक, वर प्लॅस्टिकचं वेष्टन. लोणच्याचं पुस्तक राहिलं ते राहिलंच. दुकानात येऊन काउंटरमागं बसलो, वेष्टन फाडलं आणि वाचायला लागलो. पहिली आठ पानं मला तोंडपाठ होती. संवाद तर होतेच, पाचव्या पानावर गच्चीच्या कोपऱ्यात बसलेलं मांजरही पाठ होतं. नववं पान उलटलं आणि मी थांबलो. ते पान मी पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळानं बघत होतो.

असं का, ते सांगायचं तर वाटणीपासून सांगायला लागेल.

कसबा बावड्यात आम्ही एकत्र राहायचो. थोरले चुलते शेती बघायचे, माझे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. चुलत्यांचा मुलगा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला धाकल्या. एका दिवाळीला आत्या आली ती आम्हा दोघांत मिळून एक अंक घेऊन आली. एक का, दोन का नाही, असं मी तिला तोंडावर विचारलं होतं. एकातच वाचा, म्हणजे भांडणार नाही, असं ती म्हणाली. आत्याचं हे गणित आम्ही वर्षभर तरी खरं करून दाखवलं. गोठ्यापाशी पोत्यावर पालथं पडून आम्ही तो अंक किती वेळा वाचला असेल याची मोजदाद नाही. दादा वीर व्हायचा आणि खलनायकही व्हायचा. मला जोडीदाराचं काम. हा जोडीदार म्हणजे पिवळ्या सदऱ्यातला एक किरकोळ माणूस होता, अंगात शक्तीबिक्ती काही नाही, नुसता मागं मागं पळणारा. मला ते काम आवडायचं नाही, पण तक्रार केली की दादा अंक मिटायचा.

मग वाटणी निघाली. कारण काय होतं ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, आणि पुढं ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. आमच्याकडं वाटणीची जुनी रीत आहे. मोठ्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. वाटे घालणाऱ्याला शेवटी उरेल ते घ्यावं लागतं, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून सारखे वाटे करतो. चुलत्यांनी घराचे दोन वाटे घातले. पुढचा सोपा आणि अंगण एका बाजूला, मागच्या तीन खोल्या, गोठा आणि परडं दुसऱ्या बाजूला. मागचं ऐसपैस होतं म्हणून दोन्ही सारखं धरलं. वडिलांनी पुढचं उचललं. आता मागच्या घराला रस्त्याकडं तोंडच नव्हतं, जायची यायची वाट आमच्या अंगणातून. भाऊ भाऊ आहात, वाटेचं काय घेऊन बसलाय, असं पंच म्हणाले, आणि कागदावर वाट लिहायची राहून गेली. ही चूक आमच्या भागात दर चार घरांत एकानं केलेली असते आणि उरलेले तीन त्याला हसत असतात.

मोठ्यांचं बघून आम्हीही वाटणीला बसलो. गोट्या झाल्या, भोवरे झाले, विटी एकाला आणि दांडू एकाला असा शहाणपणाही झाला. शेवटी अंक राहिला. तो फाडायचा कसा, हा प्रश्न होता. दादा खिळा घेऊन आला आणि त्याच्या टोकानं त्यानं दोन्ही पिना अलगद सरळ केल्या. अशा अंकाचं एक असतं. आठ मोठे कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले असतात आणि वरून कव्हर. सगळ्यात बाहेरचा कागद काढला की कथेचं पहिलं पान आणि शेवटचं पान एकदमच हातात येतं. दादानं बाहेरचे चार कागद आणि कव्हर एकात ठेवलं, आतले चार कागद दुसऱ्यात. म्हणजे एका वाट्यात कव्हर, पहिली आठ पानं आणि शेवटची आठ पानं, आणि दुसऱ्या वाट्यात नुसती मधली सोळा.

"उचल," म्हणाला.

मी कव्हरवर झडप घातली. विचार करायला लागलाच नाही. पुलावर उभा असलेला वीर माझा झाला, सुरुवात माझी झाली, शेवटही माझा झाला. दादाला उरलं ते ना आगा ना पिछा. एवढा मोठा असून याला वाटे घालता येत नाहीत, असं मला वाटलं आणि मी तसं आईला जाऊन सांगितलंही.

दोन महिन्यांत अंगणातल्या वाटेवरून जुंपली. म्हशी जाता येता शेण टाकतात इथून सुरुवात झाली आणि वडिलांनी बाभळीच्या काट्या आणून वाट बंद केली तिथं ते थांबलं. चुलते शेजाऱ्याच्या बांधावरून जाऊ लागले. त्याच आठवड्यात एके दिवशी दुपारी दादा काट्यांतून अंग चोरून आमच्या अंगणात आला. पोटरीवर ओरखडा होता. सदऱ्याच्या आत हात घालून त्यानं आपली सोळा पानं बाहेर काढली.

"लावून वाचूया की, धाकल्या," तो म्हणाला. "तुझी वर घाल, माझी मधी घालतो. वाचून झाल्यावर परत आपापली."

माझी पानं माझ्या हातात होती. मी वाचतच बसलो होतो.

"आमच्या अंगणातनं यायचं न्हाय," मी म्हणालो.

ते वाक्य माझं नव्हतं, वडिलांचं होतं. दोन दिवस घरात तेच चाललं होतं आणि मला ते म्हणायला मिळालं याचा थोडा आनंदही झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. दादानं पानं सदऱ्यात घातली आणि आला तसा काट्यांतून गेला. पुढच्या उन्हाळ्यात चुलत्यांनी मागचं घर आम्हाला देऊन टाकलं आणि ते हातकणंगल्याला, चुलतीच्या माहेरी, कायमचे राहायला गेले.

त्यानंतर आमची गाठ पडली ती लग्नात आणि मयतीत. बरं हाय काय, बरं हाय, इतकंच बोलणं. वडील गेले, चुलते गेले, ज्यांच्यात भांडण होतं ती माणसंच उरली नाहीत, तरी आम्ही दोघं ते इमानेइतबारे चालवत राहिलो. खरं सांगायचं तर मीच चालवत राहिलो. हातकणंगले काही सातासमुद्रापार नाही. बसनं तासाभराचा रस्ता. पण माझं दुकान होतं, मग दुकान वाढवायचं होतं, मग पोरांची शिक्षणं होती. जायचं म्हटलं की काहीतरी काम निघायचं आणि काम निघालं की मला बरं वाटायचं.

माझे चार कागद मात्र मी जपून ठेवले. लहानपणी तेवढेच वाचत राहिलो, आणि जे हातात राहिलं तेच ध्यानात राहिलं. मधलं सगळं पुसलं गेलं. सुरुवात आणि शेवट जोडून मी आपली एक कथा बनवली होती, आणि गिऱ्हाईक नसलं की मित्रांना रंगवून सांगायचो. वाटणीत मी कव्हर कसं मारलं, हे त्यात हमखास यायचं आणि हशा मिळायचा. कथाही सांगायचो. वीर आणि त्याचा जोडीदार एकत्र निघतात, आणि शेवटी पुलावरची आगगाडी वाचवायला वीर एकटाच. जोडीदार गायब. संकट आलं की पिवळ्या सदऱ्याची माणसं पळतात, असं मी वर म्हणायचो. शेवटच्या पानांत त्या हिरव्या झग्याचा एक कोपरा पिवळा छापला गेला होता. त्या काळची छपाई, रंग चुकला असणार, असं मी धरून चाललो होतो.

दुकानात बसून मी मधली सोळा पानं वाचली. खलनायकाच्या आगीत वीराचा झगा जळतो. झग्याला भोक पडलं की वारा धरत नाही आणि त्याला उडता येत नाही. घड्याळाच्या उंच मनोऱ्यावर, बर्फ पडत असताना, जोडीदार आपला पिवळा सदरा अंगातून काढतो, फाडतो, आणि त्याचं ठिगळ झग्याला लावतो. चोविसाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत तो उघड्या अंगानं मनोऱ्यावर बसलेला आहे आणि म्हणतो आहे, तू जा, मी इथंच थांबतो.

एक बाई चष्मा घ्यायला आल्या होत्या. त्यांना मी कुणा दुसऱ्याचाच चष्मा घातला. त्या म्हणाल्या की यातनं तुम्ही दोन दोन दिसताय. मी माफी मागितली, योग्य डबी शोधली आणि त्या गेल्यावर शटर अर्ध्यावर ओढलं. मला दादाबरोबर हा अंक एकदा सलग वाचायचा होता. पहिल्या पानापासून बत्तिसाव्यापर्यंत, ज्याचा त्याचा आवाज काढून. दुसरं काही सुचतच नव्हतं. हे चाळीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं हे मला कळत होतं, पण वरातीमागून घोडं नाचवायची आमच्या घराण्याची सवय जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातकणंगल्याला गेलो. स्टेशनच्या रस्त्याला दादाचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडं आणतात, तो आतली तार काढून नवी भरतो. दारात वार्निशचा वास होता आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी लटकत होती. दादा खाली बसून एका मोटारीत मान घालून काम करत होता. माझी सावली पडली तशी त्यानं मान वर केली. माझी खोड, मी आधी चष्मा बघितला. फुटपाथवर मिळतो तसला तयार चष्मा होता, दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, एक काडी तुटलेली आणि तिथं तांब्याची तार गुंडाळलेली. नीट दिसावं म्हणून तो मान तिरकी करून बघत होता. निम्म्या शहराच्या डोळ्यांवर मी चष्मे चढवलेत.

"या पावणं," तो म्हणाला. "बसा."

परक्या माणसाला म्हणतात तसं. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. मी स्टुलावर बसलो. कुणाचं लग्न काढलंय का, असं त्यानं विचारलं. नाही म्हणालो. मग कोण गेलं का, म्हणाला. कुणी गेलं नाही, असं सांगितल्यावर मात्र तो कोड्यात पडला, कारण तिसरं काही कारण आमच्यात नव्हतंच. मी पिशवीतून अंक काढून त्याच्यापुढं धरला.

त्यानं हात आधी चिंधीला पुसले, मग सदऱ्याला पुसले. कव्हरकडं बराच वेळ बघितलं. उघडला मात्र नाही. नवा छापलाय व्हय, एवढंच म्हणाला. मी त्याला विचारलं की त्याची पानं अजून आहेत का. माझी आहेत, ट्रंकेत आहेत, असंही सांगितलं. मनात कुठंतरी आशा होती की तो उठेल, आत जाईल आणि कपाटातून काहीतरी घेऊन येईल.

"चुलीत घातली," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

कोणत्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडंच बघत बसलो. मग मी मला आयुष्यभर पडलेला प्रश्न विचारला. वाटे असले का घातलेस? कव्हर, सुरुवात, शेवट सगळं एकात, हे कसले वाटे?

"तुला कव्हर पायजे हुतं की."

"आणि तुला?"

"मला बी पायजे हुतं." तो मोटारीतली तार चाचपत होता. "पर तू ल्हान. एकदा कव्हर मधल्या पानास्नी लावून बघितलं, मग तू तीच उचलली असतीस आन सुरवात-शेवट न्हाय म्हणून नंतर रडत बसला असतास. म्हणून समदं एका बाजूला घातलं."

मी चुकलो, असं म्हणालो. ते अंगणातलं वाक्य मी बोलायला नको होतं, असंही म्हणालो. घरून निघताना मी हे बरंच मोठं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"नऊ वरसाचं पोरगं ते," दादा म्हणाला. "त्याचं काय घिऊन बसायचं. घरात ऐकलं ते बोललं." मग त्यानं चष्म्यातून मान तिरकी करून माझ्याकडं नीट बघितलं. "पन्नाशीचा झाल्यावर यायचं हुतं की. तवा कुणी काट्या घातल्या हुत्या?"

दुकान, पोरं, कामं ही सगळी उत्तरं मी स्वतःला इतकी वर्षं देत आलो होतो, पण त्याच्यापुढं त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. एक शेतकरी मोटार कधी होणार म्हणून डोकावून गेला, दादानं त्याला संध्याकाळी ये म्हणून लावून दिलं. मला वाटलं आता मलाही उठायला सांगणार.

"वाच," तो म्हणाला आणि अंक माझ्या हातात दिला.

मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. साठीला आलेला माणूस स्टुलावर बसून मोठ्यानं चित्रकथा वाचतोय, रस्त्यानं जाणारे बघत होते. आठवं पान संपलं. नववं उलटलं आणि दादानं हात करून मला थांबवलं. अंकाकडं न बघता, मोटारीच्या तारेवर बोटं ठेवून, त्यानं मधलं म्हणायला सुरुवात केली. वीराचा जाड आवाज, खलनायकाचा किनरा आवाज, अगदी गोठ्यापाशी पोत्यावर काढायचा तसाच. दोन महिने तेवढंच वाचत होतो, म्हणाला, दुसरं काय हुतं माझ्याकडं. चुलीत घातलेली पानं त्याला शब्द न् शब्द येत होती. मी अंकात बघून ताळा घेत होतो आणि सोळा पानांत तो तीनच ठिकाणी चुकला. जोडीदाराचं काम आलं की थांबायचा आणि माझ्याकडं बघायचा, तेवढं मी अंकात बघून वाचायचो. सदरा फाडला. ठिगळ लावलं. मनोऱ्यावर बर्फ पडायला लागला. तू जा, मी इथंच थांबतो, असं मी वाचलं.

हितनं फुडं मला येत न्हाय, दादा म्हणाला. पूर्वी येत असंल, पर आता कायबी ध्यानात न्हाय. मग त्यानं विचारलं.

"मग परत येतोय काय त्यो? त्याला न्यायला?"

शेवटची आठ पानं माझी होती. ती मला झोपेतसुद्धा येतात. आगगाडी वाचते, लोक टाळ्या वाजवतात, आणि शेवटच्या चौकटीत वीर पुलावर एकटा उभा आहे, झग्याचा तो पिवळा कोपरा त्याच्या मुठीत आहे. मनोरा लांब मागं, बोटाएवढा. मी उगाचच पान उलटून बघितलं, नव्या छपाईत काही बदललं असलं तर. बदललं नव्हतं. मी अंक त्याच्यापुढं केला आणि ती चौकट दाखवली.

"न्हाय," मी म्हणालो. "हितंच संपतंय."

दादानं अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान तिरकी केली. त्या चष्म्यातून त्याला तो बोटाएवढा मनोरा दिसला की नाही कुणास ठाऊक.

"कामं असत्यात लोकास्नी," तो म्हणाला.

मग त्यानं अंक मिटला, वार्निश लागू नये म्हणून फळीवर वरच्या बाजूला ठेवला, आणि आतल्या दाराकडं तोंड करून वहिनींना हाक मारली.

"धाकल्या आलाय. च्या टाक."